बेझनजींना काय येत होतं?

एम्प्रेस मिलचा कारभार ज्यांच्या हाती गेला ते बेझनजी दादाभाई मेहता कापडातले नव्हते. ते जी.आय.पी. रेल्वेच्या मालवाहतूक खात्यात नोकरीला होते. चाती कशी फिरते, सुताला पीळ किती द्यावा, कोणता कापूस कोणत्या नंबरच्या सुताला चालतो, हे त्यांच्या आयुष्यात तोवर आलंच नव्हतं. तरीही जमशेटजी टाटांनी नागपूरची गिरणी त्यांच्यावर सोपवली. यंत्रांची बाजू सांभाळायला लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी होते, बाकीचं सगळं मेहतांनी पाहायचं होतं. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. सुरुवातीची यंत्रं हलक्या दर्जाची निघाली, ती बदलावी लागली, पहिली काही वर्षं ओढाताणीची गेली. नंतर मात्र ती देशातल्या उत्तम चालणाऱ्या गिरण्यांपैकी एक झाली.

मग मेहतांना नेमकं काय येत होतं?

बी.बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी बरीच वर्षं शिकवलं आणि दर जूनमध्ये पहिल्या तासाला हाच प्रश्न फळ्यावर लिहिला. मुलं सांगत, ‘लीडरशिप’, ‘कम्युनिकेशन स्किल’, ‘टीमवर्क’. शब्द चुकीचे नव्हते. पण त्यांच्यामागे काही पाहिलेलं नव्हतं, मोजलेलं नव्हतं. बारावीच्या सुट्टीत कुठल्याशा माहितीपत्रकात वाचलेले ते शब्द होते. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलानं सांगितलं, “सर, त्यायले मालगाडी वेळेवर लावता येत होती.” तेवढं उत्तर मला पुरेसं होतं. कुठला माल कुठे पडून आहे, कुणाच्या चुकीमुळे कुणाचं काम अडलं आहे, उद्या किती डबे लागतील आणि आज किती हाताशी आहेत, याचा हिशेब सतत डोक्यात ठेवणारा माणूस कापडाची गिरणीही चालवू शकतो, हे जमशेटजींनी ओळखलं होतं. कारागिरीपेक्षा वेगळं असं हे जे कसब आहे, त्याला आज आपण व्यवस्थापन म्हणतो. ते शिकवता येतं का, आणि अठरा वर्षांच्या मुलाला शिकवता येतं का, हा या पुस्तकाचा विषय.

प्रवेशाच्या दिवसांत पालक भेटतात तेव्हा त्यांचा प्रश्न वेगळा असतो. काटोलकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. “सर, पोरगी बीबीए म्हणते. मंग बी.कॉम. काहून नाही? फी तर त्याची कमी आहे.” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं सरळ उत्तर देणं हे शिक्षकाचं काम आहे. वाणिज्य शाखेचा कणा हिशेब आहे. व्यवहार झाला की तो नोंदवायचा कसा, तपासायचा कसा, त्यावर कर किती आणि कायदा काय म्हणतो, हे बी.कॉम. शिकवतं आणि नीट शिकवतं. व्यवस्थापनाची पदवी त्या व्यवहाराच्या आधी जाते. माल बनवायचा की विकत आणायचा, कुणाला विकायचा, उधारी किती द्यायची, माणसं कोण नेमायची, ती टिकतील कशी, हे निर्णय झाल्यानंतरच वहीत नोंद पडते. नागपूरच्या मुलांसमोर आणखी एक वाट असते ती बी.सी.सी.ए.ची. वाणिज्याला संगणकाची जोड देणारा हा अभ्यासक्रम इथे इतका रुळला आहे की बाहेरगावच्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो. तिन्हींमध्ये उच्च-नीच असं काही नाही. ज्याला आकड्यांत शिस्त आवडते आणि पुढे सी.ए. व्हायचं आहे त्यानं नुसत्या नावाच्या मोहानं बी.बी.ए.ला येऊ नये, असं मी आजवर कित्येक पालकांना सांगितलं आहे. मुलीच्या वडिलांनाही तेच सांगितलं. तिनं मात्र बी.बी.ए.च घेतलं. तिच्याबद्दल शेवटी लिहितो.

या विषयाचा पसारा नवख्याला घाबरवणारा वाटतो. विपणन, वित्त, मनुष्यबळ, उत्पादन, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यवसायविषयक कायदे, वर्तनशास्त्र अशी सहा सत्रांत पसरलेली विषयांची यादी असते, आणि एका विषयाचा दुसऱ्याशी संबंध काय हे सहसा कुणी सांगत नाही. मला तो संबंध एम्प्रेस मिलच्या आधारे सांगायला आवडतो. मुंबईत गिरण्यांची गर्दी होत असताना जमशेटजी नागपूरला का आले? वर्धा-हिंगणघाटचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि १८६७ साली नागपूरला पोचलेली रेल्वे. कच्चा माल, इंधन आणि वाहतूक यांचा मेळ घालून जागा ठरवणं हा उत्पादन व्यवस्थापनाचा पहिला धडा. कंपनीचं भांडवल पंधरा लाख रुपये, १८७४ साली उभारलेलं. ते कुणाकडून आणि कशाच्या भरवशावर, हे वित्त. १८८० च्या दशकात इंग्लंडमधल्या गिरण्यासुद्धा बिचकत होत्या तेव्हा इथे रिंग चात्यांचा प्रयोग झाला. नवं तंत्र कधी घ्यावं आणि आधी किती यंत्रांवर आजमावून पाहावं, हा निर्णयशास्त्राचा प्रश्न. आणि कामगार रोज येत नव्हते. शेतीचा हंगाम आला, लग्नसराई आली की खाती ओस पडत. त्यावर दंडाचा बडगा उगारण्याऐवजी बक्षिसं, निवृत्तिवेतनाचा निधी, पुढे अपघाताची भरपाई असे उपाय झाले, तेही असा कुठलाही कायदा देशात नसताना. यातल्या कशालाही त्या वेळी मनुष्यबळ व्यवस्थापन असं नाव नव्हतं.

गिरणीच्या जागेबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. जुम्मा तलावाजवळची ती दलदलीची जमीन भरून काढायला पैसे लागणार होते. इथल्या एका सावकारानं ते द्यायला नकार दिला. चिखलात सोनं पुरणाऱ्या माणसाला कोण कर्ज देणार, असं त्याचं म्हणणं. पुढे गिरणीची भरभराट पाहून त्याच सावकारानं कबूल केलं की या माणसानं जमिनीत माती टाकली आणि सोनं काढलं. गोष्ट छान आहे, आणि मुलांना आवडते. पण ती सांगून झाल्यावर मी एक प्रश्न विचारतो: सावकार चुकला होता का? त्याच्याजवळ त्या दिवशी जी माहिती होती तिच्यावरून त्याचा नकार बरोबरच होता, असं म्हणणारी मुलं वर्गात असतात. ती मला जास्त आशादायक वाटतात. शेवट माहीत असताना शहाणपण सोपं असतं, आणि व्यवस्थापनाची बहुतेक पाठ्यपुस्तकं शेवट माहीत असलेल्या गोष्टींचीच बनलेली असतात.

शिवाय या गोष्टीचा शेवट तिथे नाहीच. १९८६ साली ही गिरणी राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ साली बंद पडली, आणि आज तिच्या जमिनीवर मॉल उभा आहे. ज्या गिरणीनं देशाला कामगार कल्याण शिकवलं तिच्या कामगारांच्या हाती अखेर काय आलं, हेही त्याच अभ्यासाचा भाग असायला हवं. यशाचं व्यवस्थापन शिकवणारी पुस्तकं ढीगभर आहेत. एखादा उद्योग शंभर वर्षं चालून कसा थकतो, नवी यंत्रं घेण्याची वेळ कशी टळत जाते, यंत्रमाग आणि कृत्रिम धागा बाजार कसा पालटवतात, आणि शेवटची काही वर्षं माणसं कशाच्या आशेवर हजेरी लावतात, याबद्दल फार थोडं लिहिलेलं आहे. आम्ही या पुस्तकात त्याला मुद्दाम जास्त जागा दिली.

आता हा विषय विद्यापीठात कसा आला ते पाहू. अमेरिकेत जोसेफ व्हार्टन या कारखानदाराच्या देणगीतून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८८१ साली व्हार्टन स्कूल सुरू झालं. ते पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीच होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. एम.बी.ए. ही पदवी हार्वर्डनं १९०८ साली काढली, म्हणजे पाव शतकानंतर. बी.बी.ए. म्हणजे एम.बी.ए.ची छोटी, कच्ची आवृत्ती असा जो समज आपल्याकडे आहे, तो इतिहासाच्या दृष्टीनं उलटा आहे. आपल्याकडे १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघालं आणि वाणिज्य शिक्षणाचा पाया पडला. स्वातंत्र्यानंतर कारखाने वाढले, सार्वजनिक क्षेत्र उभं राहिलं, आणि ते चालवणार कोण हा प्रश्न पुढे आला. १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबाद इथे आय.आय.एम. निघाल्या, पहिलीला एम.आय.टी.ची साथ, दुसरीला हार्वर्डची. १९६५ साली मुंबईत जमनालाल बजाज संस्था सुरू झाली ती स्टॅनफर्डच्या सहकार्यानं. या सगळ्या पदव्युत्तर संस्था. त्यांच्यासमोर बसणारा विद्यार्थी निदान पदवीधर, पुष्कळदा इंजिनिअर, क्वचित नोकरी करून आलेला. पदवी पातळीवरचे बी.बी.ए., बी.बी.एम., बी.एम.एस. हे अभ्यासक्रम उदारीकरणानंतर झपाट्यानं पसरले. मुंबई विद्यापीठाचा बी.एम.एस. १९९९ चा. म्हणजे आपण इमारत वरच्या मजल्यापासून बांधत खाली आलो. वरच्या मजल्यासाठी लिहिलेली पुस्तकं, उदाहरणं, परीक्षेचे साचे तसेच खाली उतरवले. ज्यानं अजून दुकानाचं शटरही उघडलं नाही त्याला आपण बहुराष्ट्रीय कंपनीच्या संचालकाच्या खुर्चीत बसवून ‘तुम्ही काय कराल?’ असं विचारू लागलो. माझ्या मते आपल्या बी.बी.ए.चं मुख्य दुखणं हेच आहे. वर्ग, फी, प्लेसमेंट हे सारे त्यानंतरचे मुद्दे.

विचारांच्या परंपरांचंही तसंच झालं. पहिल्या सत्रात मुलं टेलर, फेयॉल, मेयो अशी नावं पाठ करतात, आणि प्रत्येकाखाली चार-पाच मुद्दे. फेयॉलची चौदा तत्त्वं तर पाढ्यासारखी म्हणून दाखवतात. हेन्री फेयॉल खाणीतले इंजिनिअर होते, फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणींत आग, पाणी आणि दरडी यांच्याशी झुंजत ते वर चढले, बुडत चाललेली कंपनी त्यांनी सावरली आणि आयुष्याच्या उत्तरार्धात, १९१६ साली, आपलं पुस्तक छापलं, हे मुलांना सांगितलेलं नसतं. नागपूर तर कोळसा आणि मँगनीजचं गाव. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय इथे, ‘मॉईल’चं इथे, कामठी, उमरेड, मनसर, कांद्री इथल्या खाणींत काम करणारी माणसं मुलांच्या घरात, शेजारात. ‘एका माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून मिळावा’ हे तत्त्व पुस्तकात कोरडं वाटतं. खाणीत शिफ्ट बदलताना दोन वरिष्ठांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर काय होतं, हे ओव्हरमन असलेल्या काकाला विचारलं की ते तत्त्व जन्मभर विसरत नाही. माझ्या एका विद्यार्थ्यानं तसं विचारलं होतं. त्याची चार पानांची टिपणं मी अजून जपून ठेवली आहेत.

फ्रेडरिक टेलर यांचं १९११ सालचं पुस्तक म्हणजे कामाचे तुकडे पाडून, वेळ मोजून, प्रत्येक तुकड्याची एकच उत्तम रीत शोधण्याचा आग्रह. आजच्या गोदामातला मुलगा हातातल्या यंत्राच्या इशाऱ्यावर कप्प्याकप्प्यांतून धावतो, दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या दुचाकीस्वाराचं प्रत्येक मिनिट मोजलं जातं, तेव्हा टेलर जुने झाले असं म्हणता येत नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून झालेल्या प्रयोगांमधून एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की माणूस नुसत्या मजुरीसाठी आणि उजेडासाठी काम करत नाही. बरोबरच्यांशी त्याचं नातं कामात उतरतं. त्या प्रयोगांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले, आणि ते वादही मुलांना सांगायला हवेत. नंतर हर्बर्ट सायमन आले. माणूस सगळी माहिती गोळा करून सर्वोत्तम पर्याय निवडत नाही, बऱ्यापैकी चालेल असा पहिला पर्याय सापडला की थांबतो, असं त्यांनी मांडलं. १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. इतवारीत शालू घ्यायला गेलेल्या कुठल्याही कुटुंबाला हे पटेल. पीटर ड्रकर, व्यूहरचनेची शाखा, गुणवत्तेची जपानी परंपरा, अलीकडची विदाविश्लेषणाची लाट, या सगळ्यांची ओळख पुढे येते. भारतातही प्रयोग झाले: अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ च्या सुमारास ए. के. राइस यांनी मागावरची कामं वाटून न देता छोट्या गटांकडे सोपवून पाहिली, आणि जगभरच्या पुस्तकांत ते उदाहरण गेलं. आपल्या मुलांच्या प्रश्नपत्रिकेत मात्र ते मला कधी दिसलं नाही.

आणि एक परंपरा अशी, जी नागपूरपासून दोन तासांच्या अंतरावर घडली आणि आम्ही तिला व्यवस्थापनाच्या वर्गात कधी बोलावलंच नाही. ती म्हणजे वर्ध्याची. जे. सी. कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबनीस म्हणून शिकलेले, मुंबईत व्यवसाय करणारे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते अमेरिकेला गेले आणि सिरॅक्यूज विद्यापीठातून त्यांनी बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची पदवी घेतली, नंतर कोलंबियात सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केला. आजच्या भाषेत बोलायचं तर ते परदेशी बी.बी.ए. होते. ती पदवी घेऊन ते परतले आणि १९३४ पासून वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम पाहू लागले. तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या यांचा खर्च, उत्पादन, मजुरी त्यांनी तशाच काटेकोरपणे मांडली जशी एखाद्या कंपनीची मांडावी. पण ताळेबंदाच्या कक्षेबाहेर राहणाऱ्या गोष्टीही ते विचारात घेत: जमिनीचा कस, जंगल, बाईचे कष्ट, पुढच्या पिढीच्या वाट्याचं काय उरलं. त्याच वर्ध्यात १९४० साली शिक्षा मंडळानं गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय काढलं, आणि १९४५ साली त्याच नावाचं महाविद्यालय नागपुरात निघालं, ज्याला सगळं गाव ‘जी.एस. कॉलेज’ म्हणतं. वर्ध्याचे प्राचार्य श्रीमन्नारायण यांनी १९४४ साली ‘गांधीयन प्लॅन’ लिहिला, तो मुंबईच्या उद्योगपतींच्या ‘बॉम्बे प्लॅन’च्या बरोबरीनं चर्चेत होता. वाणिज्य महाविद्यालयाचा प्राचार्य देशाच्या अर्थव्यवस्थेचा पर्यायी आराखडा मांडतो, ही या भागाची परंपरा आहे. मालकी ही विश्वस्ताची जबाबदारी आहे हे सेवाग्रामच्या गांधीजींचं म्हणणं आज कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या कायद्यात दोन टक्क्यांच्या रूपानं उरलं आहे. मुलं ती टक्केवारी पाठ करतात. तिच्यामागचा वाद त्यांना मिळत नाही.

नागपुरात उद्योगाची माहिती मराठीत देण्याची सवयही होती. धरमपेठेतून ‘उद्यम’ नावाचं मासिक निघत असे. साबण, शाई, फळांचे टिकाऊ पदार्थ, शेतीपूरक धंदे याबद्दल घरबसल्या वाचून करून पाहता येईल असा मजकूर त्यात असे. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये निघालेलं ‘किर्लोस्कर खबर’ सगळ्यांना माहीत आहे. ‘उद्यम’चं नाव आता जुन्या वाचनालयांतच भेटतं. आज व्यवस्थापनाचं शिक्षण इंग्रजीत होतं, आणि ते इंग्रजीत होऊ नये असं माझं म्हणणं नाही; नोकरीची, पुढच्या शिक्षणाची भाषा ती आहे. पण नरखेड, रामटेक, भिवापूरहून आलेलं मूल पहिल्या वर्षी दोन ओझी एकदम उचलत असतं, एक विषयाचं आणि एक भाषेचं. कल्पना समजली नाही की ते व्याख्या पाठ करतं, आणि व्याख्या पाठ झाली की आपल्याला समजलं असं त्याला वाटायला लागतं. मी स्वतः पहिली काही वर्षं वर्गात निव्वळ इंग्रजीत बोललो, कारण तसंच बोलायचं असतं असं मला वाटत होतं. एका सहामाहीच्या उत्तरपत्रिकांत जवळपास सगळ्यांनी ‘फिक्स्ड कॉस्ट’ म्हणजे ‘न बदलणारी किंमत’ असं समजून उत्तरं लिहिलेली पाहिली तेव्हा ती चूक माझ्या ध्यानात आली. त्यानंतर मी तो धडा तर्री-पोह्यांच्या गाडीवरून शिकवू लागलो. गाडीचं भाडं, शेगडी, भांडी, पोऱ्याची रोजी हे एकही प्लेट गेली नाही तरी द्यावंच लागतं. पोहे, चणे, तेल, शेव प्लेटमागे वाढत जातं. पाऊस लागला आणि सकाळी गिऱ्हाईक फिरकलं नाही, की भाडं काही कमी होत नाही. मग किती प्लेटा गेल्या म्हणजे गाडी तोट्यातून बाहेर येईल? हे गणित सोडवून झाल्यावर ‘ब्रेक-ईव्हन’ हा शब्द सांगितला की तो कायमचा बसतो. शब्द शेवटी आला तरी चालतो.

हे पुस्तक आत्ताच का, याचीही कारणं आहेत. २०२४-२५ पासून बी.बी.ए., बी.एम.एस., बी.सी.ए. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी सी.ई.टी. सुरू झाली. पहिल्याच वर्षी गोंधळ उडाला. ही परीक्षा द्यावी लागते हेच पुष्कळ मुलांपर्यंत वेळेत पोचलं नाही, नंतर ती पुन्हा घ्यावी लागली, तरी जागा मोठ्या संख्येनं रिकाम्या राहिल्या, आणि काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून परीक्षेची अट टाळण्याची वाट धरली. त्याच सुमारास नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची चौकट बदलली: तीन वर्षांची पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स, मधे बाहेर पडलं तर प्रमाणपत्र किंवा पदविका, मुख्य आणि दुय्यम विषय, श्रेयांक, प्रत्यक्ष कामाचा अनुभव. कागदावर यातल्या पुष्कळ गोष्टी चांगल्या आहेत. ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ सक्तीचं होणं ही तर मला या विषयातली मोठी संधी वाटते, पण ते खरोखर झालं तर. प्रोजेक्टचे तयार अहवाल कुठे छापून, बांधून मिळतात हे विद्यार्थ्यांना माहीत असतं आणि शिक्षकांनाही. कंपनीचं नाव बदललेलं, आत आकडे तेच, मागच्या वर्षीच्या मुलाचं आभारप्रदर्शनही तेच, असे अहवाल मी तपासले आहेत. प्रत्येक वेळी वाईट वाटलं, कारण त्या मुलाच्या घरापासून पाच मिनिटांवर खरा अभ्यास उभा होता.

नागपूर हे त्या अर्थानं श्रीमंत गाव आहे. कळमन्यात पहाटे संत्र्याचा लिलाव होतो: आडत्या, व्यापारी, हमाल, मापारी, ट्रकवाला. मृग आणि आंबिया या दोन बहारांचा हिशेब वेगळा, माल नाजूक, साल सैल, प्रवासात दबणारी. बांगलादेशनं आयातशुल्क वाढवत नेलं आणि तिकडे जाणारी संत्री अडली, तेव्हा वरुड-काटोलच्या बागायतदाराला आंतरराष्ट्रीय व्यापार म्हणजे काय हे कुठल्याही पुस्तकाशिवाय कळलं. गांधीबागेत ठोक कापडाची उधारी अजूनही शब्दावर चालते. ती बुडते किती आणि का बुडत नाही, हा पतव्यवस्थापनाचा उत्तम विषय आहे. हातमाग मागे पडत गेला तसा कोष्टी समाजातल्या कित्येक कुटुंबांनी घरच्या सावजी रश्श्याचा व्यवसाय केला, आणि आज ‘सावजी’ हे कुणाच्याही एकट्याच्या मालकीचं नसलेलं नाव पाट्यापाट्यांवर दिसतं. ब्रँडबद्दल यापेक्षा अवघड प्रश्न मला सुचत नाही. एका दुकानापासून देशभर पोचलेली मिठाईची घराणी इथे आहेत, १९३२ पासूनची दिनशॉज डेअरी आहे, हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहती आहेत, विमानतळालगतचा मिहान प्रकल्प आहे. मिहानमध्येच आय.आय.एम. नागपूरचा परिसर २०२२ पासून उभा आहे. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डनं २०१० साली केस लिहिली आणि आपली मुलं ती इंग्रजीत वाचून त्यावर टाळ्या घेणारं सादरीकरण करतात. चांगलंच आहे. पण कळमन्याची केस अजून कुणी लिहिलेली नाही, आणि ती लिहायला तिकडून कुणी येणार नाही.

या पुस्तकात आम्ही तेच करून पाहिलं. आम्ही म्हणजे पाच-सहा महाविद्यालयांतले शिक्षक आणि त्यांचे आजी-माजी विद्यार्थी. अभ्यासक्रमातल्या प्रत्येक विषयाला इथला एक खरा धंदा, एक बाजार किंवा एक बंद पडलेला कारखाना लावून घेतला आणि आधी प्रश्न मांडला. सिद्धांत त्यानंतर येतो, जिथे त्याची गरज पडते तिथे. इंग्रजी संज्ञा देवनागरीत आणि रुळलेल्या रूपातच ठेवल्या. ‘मार्केटिंग’ला सगळीकडे ‘विपणन’ म्हणण्याचा हट्ट धरला नाही. हे गाईड नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री याचा उपयोग होणार नाही, हे आधीच सांगायला हवं. काही ठिकाणी आम्हा लेखकांत मतभेद आहेत, विशेषतः गिरणीच्या अखेरीच्या वर्षांबद्दल आणि मिहानकडून ठेवलेल्या अपेक्षांबद्दल, आणि ते मिटवून एकच सूर लावण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही. छोट्या दुकानदारांनी आपल्या वह्या उघडून दाखवल्या. त्यांच्या विनंतीवरून त्यांची नावं आणि आकडे बदलले आहेत. मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत कारभारावर इथे फारसं काही सापडणार नाही, कारण तो आम्हाला आतून पाहायला मिळाला नाही.

काटोलच्या त्या मुलीबद्दल सांगायचं राहिलं. तिसऱ्या वर्षी तिनं प्रोजेक्टसाठी घरचीच संत्र्याची बाग घेतली. वडिलांच्या वहीत खत, फवारणी, मजुरी, वाहतूक, आडत अशी सगळी नोंद होती, सोळा वर्षांची. तिनं ती तक्त्यात उतरवली, दोन्ही बहारांचा नफा वेगळा काढला, आणि पाण्याचा खर्च धरला तर एका बहारात तोटा आहे हे वडिलांना दाखवून दिलं. अहवाल जमा करायच्या आदल्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली. दर हंगामात महिनाभर पहाटेपासून संत्री निवडायची, तीन ढीग लावायचे, डागी बाजूला काढायची, हे काम तिची आई करते; सुट्टीत तीही करते. सोळा वर्षांच्या वहीत त्याची एकही ओळ नव्हती. तेच काम बाहेरच्या बाईनं केलं असतं तर मजुरीत धरलं असतं. ती धरली तर दुसऱ्या बहारातही नफा उरत नव्हता.

“सर, हे मी कोणत्या खात्यात लिहू?” तिनं विचारलं.

मी तिला दुसऱ्या दिवशी ये म्हणालो. रात्री तीन पुस्तकं काढून पाहिली. मग कुमारप्पांचं काढलं. या पुस्तकाची पहिली टिपणं त्या रात्रीची आहेत.